निवलेली कॉफी

"घोटा लवकर, अबू राकान! थांबलात तर त्याची खळ होईल," फद्दानं नवऱ्याला दरडावलं. मुलगा राकान, म्हणून खलफला सगळे अबू राकान, राकानचा बाप, म्हणत.

खलफनं डोळे मिटून इसबगोल घशाखाली उतरवलं, वर पेलाभर पाणी. वर्षानुवर्षं आतड्यांनी छळ मांडला होता. जॉर्डनमधल्या कराकच्या घाटात मिनीबस थांबवून तो दगडांआड पळायचा आणि उतारू मागून विचारायचे, "काय ड्रायव्हर, आज कुठला थांबा?" या भुशानं पोट आता कुठे शांत झालं होतं. डॉक्टरनं बजावलं होतं, भुसा चुकवू नको, कॉफीला शिवू नको.

"विदादच्या सासरी जाऊन तिचे गरम कपडे घेऊन या. तिथं जास्त बोलू नका."

लेक रुसून माहेरी आलेली. न्यायला आले तर जाईन म्हणायची, आणि दिवसभर दाराकडे बघत बसायची. सासरचे म्हणत, आपल्या पायानं गेली, आपल्या पायानं येईल.

लेकीच्या सासरी व्याही अबू मिजहेमनं स्वतः कॉफी ओतली. खलफनं पेली घेतली आणि समोर ठेवून दिली. मेंढरांच्या गोष्टी झाल्या, वाऱ्याच्या झाल्या. कॉफी निवत गेली. हळूहळू म्हाताऱ्याची नजर त्या पेलीवर जाऊन थांबली.

"घ्या की, अबू राकान."

"असू दे."

म्हाताऱ्याची मान खाली गेली. आमच्याकडे मागणं घेऊन आलेला पाहुणाच कॉफी अशी ठेवतो. शब्द मिळेपर्यंत ओठाला लावत नाही.

"तोंडानं मागायला लाजलात होय, सोयरे? मीच आधी यायला हवं होतं. उद्या पोराला घेऊन तुमच्या दारी येतो, सुनेला न्यायला. दिला शब्द. प्या आता."

अहो, माझं पोट... हे खलफच्या जिभेवर आलं होतं. पण घरी दाराला लागलेले लेकीचे ते दोन डोळे त्याला दिसले. त्यानं गार, कडू कॉफी थेंबही न ठेवता प्यायली.

"गार कशी प्यायलात! थांबा, गरम ओततो."

"ओता," खलफ म्हणाला.

घरी पोचला तो पोट धरूनच. उद्या ते येतायत, एवढंच सांगून संडासात शिरला. बराच वेळ गेला.

"खरं सांगा, कॉफी प्यायलात?" दाराबाहेरून फद्दा.

"नाही गं."

मग विदादची थाप पडली. आवाजात कितीतरी दिवसांनी हसू. "बाबा, किती वेळ? मला केस धुवायचेत!"

"अंगणातल्या नळावर धू, बाई," खलफ म्हणाला, आणि कपाळावरचा घाम तसाच ठेवून त्यानं डोकं गार भिंतीला टेकलं.