ध्वजाची काठी

पंचमीला मी माहेरी टेंभुर्णीला आले होते. सण होऊन गेला होता, परत निघायची घाई नव्हती. त्या दिवशी दादा, म्हणजे माझे वडील, सकाळपासून माळवदावर तार ओढत बसले होते. खाली आई भाकरी थापत होती.

"उषे, बोलाव त्यांना. का आज वीजच खानार हायेत?"

मी वर गेले. दादांच्या पुढे काचेची रुंद बाटली होती. तिचं तोंड लाखेनं बंद केलेलं, लाखेतून तांब्याची तार आत गेलेली, आणि तारेच्या टोकाला सोन्याच्या वर्खाच्या दोन अरुंद पट्ट्या लोंबत होत्या. वर्ख त्यांनी वैद्याकडून मागून आणला होता. वैद्य म्हणाला होता, "भुजंगराव, हा मधात चाटतेत, बाटलीत न्हाई घालत."

दादांनी काचेची कांडी आईच्या जुन्या पितांबरावर घासली आणि तारेजवळ नेली. पट्ट्या अलगद एकमेकींपासून दूर झाल्या.

"दोघींवर एकाच जातीची वीज आली," दादा म्हणाले. "मंग जवळ कशा राहतील?"

"भावकीसारख्या," मी म्हणाले.

दादा इतके हसले की आईनं खालून विचारलं, काय झालं. मग त्यांनी वरून आलेली तार बाटलीला जोडून दाखवली. माळवदावर उभ्या केलेल्या बांबूच्या टोकापासून खालपर्यंत ती काचेच्या मण्यांतून आणली होती, भिंतीला कुठंच टेकू दिली नव्हती. डोक्यावर ढग भरून आला की ह्या पट्ट्या आपोआप उघडतात, आणि फार उघडल्या की तार लाकडी चिमट्यानं काढून ठेवायची, हे त्यांनी मला दोनदा बजावलं. नंतर आम्ही भाकरी आणि ठेचा खाल्ला. दुपारी ते मळ्यात जाऊन आले. संध्याकाळी गाईला खरारा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले नाहीत.

लोक आले, बसले, गेले. सगळ्यांनी आईला धरून रडून घेतलं. मी आल्यागेल्याला पाणी देत होते. मी परत सासरी गेले नाही. आईसाठी महिना-दोन महिने राहते, असं कळवलं.

तीन वर्षांपूर्वी गावच्या महादेवाच्या शिखरावर वीज पडली होती. सभामंडपात खांबाला टेकून बसलेले दोन भजनकरी जागीच गेले. तेव्हापासून दादांनी देवळाला वीजवाहक बसवायचा ध्यास घेतला. पण कळसाच्या वर काही जाता कामा नये, असा गावाचा धर्म. वर जाऊ शकतो तो फक्त ध्वज. म्हणून दादांनी ध्वजाची काठीच तांब्याची केली. तिच्यापासून तांब्याची रुंद पट्टी शिखराच्या मागच्या अंगानं खाली आणली आणि अभिषेकाचं पाणी बाहेर पडतं त्या गोमुखाखाली पुरली. पट्टीच्या टोकाला आईचं तांब्याचं घंगाळ जोडलं. तिथली माती बारा महिने ओली, आणि महादेवाचं गोमुख कुणी ओलांडत नाही, त्यामुळे पट्टीच्या आसपासही कुणी फिरकत नाही. आई पुढं कितीतरी दिवस घंगाळावरून त्यांना बोलत होती.

ध्वजाची काठी द्यायचा मान गावात काकासाहेबांच्या घराण्याचा. त्यांचा बांबू दादांनी तांब्याच्या काठीला बांधून घेतला होता, म्हणजे मानही राहिला.

हस्त नक्षत्रात देवळात सप्ताह बसला. आत्या, म्हणजे दादांची बहीण तुळजाबाई, पारायणाला बसली होती. दुपारी पोथी थांबली तेव्हा ती घरी आली आणि पाणीही न घेता म्हणाली, "भुजंगाची काठी उतरवली. नुसता बांबू लावला."

आत्या लगेच परत गेली. पारायण सोडता येत नव्हतं. मी माळवदावर गेले. जाफराबादेच्या बाजूनं आभाळ जांभळं झालं होतं. बाटलीतल्या पट्ट्या ताठ उघडल्या होत्या, इतक्या की काचेला लागतील असं वाटलं. मी चिमट्यानं तार काढली आणि खाली पळत आले.

देवळात शंभरेक माणूस होतं. बायका खांबांना टेकून बसल्या होत्या, आत्या त्यांच्यातच. काकासाहेब पायरीवर पान लावत होते. तांब्याची काठी ओसरीत आडवी ठेवली होती.

"काका, काठी परत चढवा. वीज येऊन राह्यली."

"पोरी, तुझ्या बापाचा मला आदर हाये. पन गेल्या मानसाच्या घरची वस्तू, वरीस व्हायच्या आत, शिखरावर? सप्ताहात? न्हाई चालायचं."

"आत माणसं हायेत."

"महादेव हाये."

"तीन वर्सांमागंबी व्हता," माझ्या मागून कुणी तरी म्हणालं. ती आई होती. दादा गेल्यापासून ती उंबऱ्याबाहेर आली नव्हती. हातात पाण्याचा तांब्या आणि तुळशीचं पान होतं.

काकासाहेब उठून उभे राहिले. "वहिनी, तुमी कशाला आलात?"

"आमच्या घरची वस्तू चालत न्हाई ना? मंग आमची ठेवतच न्हाई. दान घ्या."

तिनं ओसरीतून काठी उचलली, माझ्या मदतीनं त्यांच्यापुढं धरली, तुळशीचं पान ठेवलं आणि उदक सोडलं. सवयीनं पुढं झालेल्या काकासाहेबांच्या तळहातावरून पाणी पायरीवर सांडलं. उदक सुटलं की वस्तू देणाऱ्याची राहत नाही. हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक होतं.

"आता ही तुमच्या घरान्याची काठी," आई म्हणाली. "मान तुमचा. चढवा का ठेवा, तुमी जाना."

काकासाहेबांनी आभाळाकडं पाहिलं, मग काठीकडं. "रामकिसन!" ते आपल्या भावावर ओरडले. "बघतो काय? आपली काठी हाये! जल्दी!"

रामकिसन शिखरावर सराईत होता. बांबू काढून, काठी खोबणीत बसवून त्यानं पट्टीचा बोल्ट आवळला. मी खालून ओरडत होते, "बराबर आवळा, सैल न्हाई पाह्यजे!"

"उषाताई, आता मला खाली तरी उतरू देता का!" तो वरून ओरडला आणि लोक हसले. तो जमिनीवर आला तेव्हा टपोरे थेंब सुरू झाले होते. आम्ही बायकांना खांबांपासून मध्ये घेतलं आणि दाटीवाटीनं बसलो.

मग डोळ्यांपुढं सगळं पांढरं झालं. आवाज कानांत नाही, छातीत झाला. टाळ खाली पडले. कुणी तरी किंचाळलं. मी आत्याचा हात शोधला, तो गरम होता आणि माझा हात घट्ट दाबत होता. आई माझ्या दुसऱ्या बाजूला होती. मी एकेक चेहरा पाहत गेले. सगळे पापण्या हलवत होते.

"कोन हाये, कोन न्हाई?" काकासाहेब ओरडले.

"सगळे हायेत," आत्या म्हणाली. "तुमचं पान तेवढं सांडलं."

हसू आधी एका कोपऱ्यातून आलं, मग सगळ्या मंडपातून. बायका रडत होत्या आणि हसत होत्या. आईनं डोळे पुसले नाहीत, तशीच बसून राहिली, पण तिचे ताठलेले खांदे सैल झाले. पंचमीनंतर पहिल्यांदाच मी ते असे पाहिले.

ढग पुढं सरकला. लोक बाहेर आले. शिखराला तडा नव्हता, काठीचं टोक तेवढं काळं पडलं होतं. काकासाहेब येईल त्याला बोट दाखवून सांगत होते, "आमची काठी. आमच्या घरान्याची." आई म्हणाली, "सांगू दे."

मी देवळाच्या मागच्या बाजूला गेले. गोमुखाच्या अलीकडंच थांबले. पट्टी भिंतीवरून सरळ ओल्या मातीत गेली होती. ज्या विजेनं माणसं मेली असती ती हिच्यातून निघून गेली होती, आणि तिथं एक गवताची काडीसुद्धा करपली नव्हती.

आमच्या घरात असलं कुणी कुणाला म्हणत नसे. बापाला तर नाहीच. मी पुष्कळ पुस्तकं वाचली आहेत, त्यांत लोक हे सहज बोलतात. मला कधी जमलं नव्हतं. मंडपात टाळ परत सुरू झाले होते, त्यामुळे कुणी ऐकेल अशी भीती नव्हती. पण मी हळू बोलले नाही.

"दादा," मी म्हणाले, "तुमी मला लई आवडत व्हता."