मला भंगार म्हणा, पण इंजिन बंद करा

मी एक जुना कॅमेरा आहे. भंगारात काढलेला, पण भंगार नव्हे. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून वाद नको.

मित्रांनो, अलिबागच्या परेशने मला लग्नाच्या कामांसाठी घेतलं. सात वर्षं मी हळदी टिपल्या, पंगती टिपल्या. फोटोंचं कौतुक व्हायचं ते परेशचं. पुढे खाऱ्या, दमट हवेने माझ्या भिंगावर बुरशी धरली. भिजलेला मोबाइल ठेवतात तसं परेशच्या आईने मला तांदळाच्या डब्यात खुपसलं. बुरशी गेली नाहीच, उलट तांदळाची पिठी भिंगाच्या कड्यात शिरली आणि माझी नजर आपोआप जुळेना. मग तीन वर्षं मी कपाटात पडून होतो.

परेशच्या घरी मासळी घेऊन येणाऱ्या रेवदंड्याच्या गोदूने मला मागून घेतलं. पन्नाशी उलटलेली ही कोळीण म्हणे डॉल्फिनचे फोटो काढणार! परेश हसला, पण नाही म्हणाला नाही.

नारळी पौर्णिमेनंतर ती नवऱ्याच्या, महादेवच्या होडीतून मला घेऊन जाऊ लागली. डॉल्फिन वर आला की ती बटण दाबायची, तोवर तो खाली गेलेला. महिनाभर माझ्या पोटात नुसते पाण्याचे फोटो साठले. मग तिने कोळणीची अक्कल चालवली. खाडीच्या तोंडाशी बोय मासे कुठे उसळतात ते बघायचं, तिकडे मला रोखायचं आणि गप्प थांबायचं. दिवाळीत पहिला फोटो मिळाला. पाठीवरच्या पराला खाच असलेली एक आई, कुशीला पिल्लू.

मग मात्र गोदूला हाव सुटली. तिला डॉल्फिनचा चेहरा हवा होता. तिने महादेवला इंजिन सुरू करून होडी थेट जवळ न्यायला लावली. घाबरून पिल्लू एकीकडे गेलं, आई दुसरीकडे. आई शेपटी आपटत गोल फिरत राहिली. दोघांची गाठ पडायला पाऊण तास लागला. मला गोदूचा राग आला आणि त्याहून जास्त माझा.

सहलीच्या होड्या तर रोज हेच करत होत्या. गोदूने होडीवाल्यांना एकत्र बोलावलं आणि खाडीच्या तोंडाशी इंजिन बंद ठेवा म्हणून सांगितलं. तीन होड्यांचा मालक राहुल म्हणाला, डॉल्फिन म्हणजे वाटसरू, आज इथे, उद्या गुजरातला. तेव्हा गोदूने माझे नऊ फोटो मांडले. सगळे धूसर. पण दिवाळीपासून शिमग्यापर्यंत प्रत्येकात तीच खाच. वाटसरू कसला, तिचं घरच ते!

राहुलने फोटो बाजूला सारले. "मावशे, तू पन गेलतीस ना जवल?"

सगळे तिच्याकडे बघू लागले.

"व्हय, गेलती," गोदू म्हणाली. "पिल्लू आयशीपासून तुटलं, ते या डोल्यांनी बघलंय. म्हनूनच सांगते."

बरेच जण तयार झाले. राहुल उठून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी महादेवने होडी खाडीच्या तोंडावर आडवी लावली. राहुलची होडी धडधडत आली. गोदू उभी राहिली आणि तिने मला त्याच्यावर रोखलं. मीही डोळा मिटला नाही. राहुल पुटपुटला, पण त्याने इंजिन बंद केलं. त्याच्या होडीतली पंधरा माणसं गप्प झाली. आणि पलीकडे, पाण्यावर, त्या आईने श्वास सोडलेला सगळ्यांना ऐकू आला. पाठोपाठ एक छोटा श्वास.

मित्रांनो, माझं भिंग पुसा असं मी तुम्हाला सांगणार नाही. एवढंच सांगतो, डॉल्फिन बघायला गेलात, तर तांडेलाला, म्हणजे होडी हाकणाऱ्याला, इंजिन बंद करायला सांगा. तो हसेल. हसू दे. पुन्हा सांगा.