सिग्नेचा बिल्ला

सहलीच्या जहाजाच्या दाराशी प्रवाशांच्या नावांच्या बिल्ल्यांची फळी होती. किनाऱ्यावर उतरताना आपल्या नावाचा बिल्ला लाल बाजूला उलटायचा, परतलं की हिरव्या. ज्यानं त्यानं आपापला, असं गाईड तेरेसानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण हाल्वरला सांगणार कोण? आपल्या गावच्या बंदरात त्यानं अख्खी हयात स्वतःची मासेमारीची बोट चालवली, तीही सगळा कारभार स्वतःच्या हातात ठेवून. नवरा-बायको दोघांचे बिल्ले तोच उलटायचा. माझा मला करू दे की, असं बायको, सिग्ने, एकदा म्हणाली, तर गड्यानं ते हसण्यावारी नेलं.

त्या दुपारी जंगल आणि दलदल पाहून तो पहिल्या होडीनं परतला, दोन्ही बिल्ले हिरवे केले आणि केबिनमध्ये आडवा झाला. बायकोला शेवाळ दिसलं की थांबायची खोड, ती येईल मागच्या होडीनं. मागच्या होडीत एक माणूस कमी भरलं. तेरेसानं वायरलेसवरून जहाजाला विचारलं, फळीवर सगळं हिरवं होतं. बाई आधीच पोचल्या म्हणायच्या, असं धरून होडी आली आणि जहाज निघालं.

जेवायच्या टेबलावर शेजारची खुर्ची रिकामीच राहिली, तेव्हा हाल्वर ताट सोडून तेरेसाकडे धावला.

जहाज वळून परत येईपर्यंत पावसानं झोडपायला सुरुवात केली होती. दलदलीतल्या लाकडी वाटेवर तो हाका मारत धावला. एका काळ्या डबऱ्याच्या काठावर सिग्नेची लोकरी टोपी पडली होती. तो पालथा पडला आणि खांद्यापर्यंत हात आत घालून चाचपत राहिला. हाताला नुसता चिखल लागत होता. म्हातारा रडत होता आणि ते त्याला कळतही नव्हतं.

तेरेसानं त्याचं जाकीट धरून ओढलं. "काका, उठा. तुम्ही आत गेलात तर मी कुणाकुणाला शोधू?"

"बिल्ला मी उलटला, पोरी."

"माहितीय मला. ते नंतर. आता हाक मारा, तुमचा आवाज ओळखतील त्या."

त्याचा आवाज पार बसला तेव्हा कुठं जंगलाच्या कडेनं ठकठक ऐकू आली. उन्मळून पडलेल्या स्प्रूसच्या मुळांखाली सिग्ने बसली होती. पाय मुरगळलेला, ओठ निळे. हाकेला ओ देण्याइतकंही त्राण नव्हतं, म्हणून ती काठीनं खोडावर ठोकत होती.

ब्लँकेटात गुंडाळून तिला जहाजावर चढवलं. दाराशी येताच तिनं हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"कधी लक्षात आलं तुझ्या?"

आल्याआल्याच, असं म्हणता आलं असतं. अगदी ओठावर आलं होतं.

"जेवताना," हाल्वर म्हणाला. "खुर्ची रिकामी दिसली तेव्हा."

सिग्नेनं त्याच्याकडे पाहिलं. "जहाज निघताना दिसलं मला. मी घाबरले नाही रे. म्हटलं, हाल्वर आहे आत. आत्ता वळवेल."

फळीवर तिचा बिल्ला दुपारपासून हिरवाच होता. हाल्वरचा हात सवयीनं तिकडे गेला.

"राहू दे," सिग्ने म्हणाली. तिनं बधिर बोटांनी बिल्ला आधी लाल केला. मग, दोनदा हातातून निसटला तरी, तिनंच तो हिरवा केला.