साबायना गिंटीची सतरा वर्षं

"पंच्याहत्तर वर्षांची बाई, आणि तिला पंधरा वर्षांचा मुलगा? अगं बाई, हे कुठलं गणित?"

अट्रॅक्टा डीन स्वतःशीच बोलली आणि कपाळावरचा चष्मा तिनं नाकावर ओढला. समोरच्या पडद्यावर १९११ सालच्या जनगणनेचा कागद होता. साबायना गिंटी, विधवा, वय पंच्याहत्तर. मायकेल, मुलगा, वय पंधरा. हा कागद तिनं याआधी दहा वेळा तरी पाहिला असेल. पण माणूस जे शोधत असतो तेवढंच त्याला दिसतं. आज पाथरवटानं मुलाचं नावही साबायनाच्या स्मारकाच्या दगडावर घ्यायचं म्हटलं, म्हणून ती खालची ओळ वाचायला गेली आणि अडकली.

चर्चच्या हॉलवरची ही एक खोली. अट्रॅक्टाची एकतीस वर्षं गावच्या पोस्टात खिडकीमागे गेली. पोस्ट बंद झालं तेव्हा गावानं तिच्या हाती या खोलीची किल्ली दिली. ही बाई रिकामी बसली तर गावाला छळेल, असा त्यामागचा विचार होता, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. आठवड्यातून तीन दिवस ती इथं बसून शिकागोहून आणि मेलबर्नहून आलेल्या लोकांना त्यांचे पणजोबा शोधून द्यायची. देताना साखर लावायची नाही. आपले पूर्वज सरदार होते असं सांगत आलेल्या ओहायोच्या एका गृहस्थाला तिनं सांगितलं होतं, "सरदार नव्हते हो. मेंढ्या चोरल्या म्हणून सहा महिने आत होते. पण मेंढ्या चांगल्या होत्या, असं लिहिलंय इथं."

आणि आता हे साबायनाचं. साबायना गिंटी म्हणजे गावाची शान. १९४१ साली वारली तेव्हा एकशे पाच वर्षांची होती. मृत्यूच्या दाखल्यावर तसं लिहिलंय आणि वर्तमानपत्रातही छापून आलंय. पुढच्या रविवारी पुलाजवळ तिच्या नावाचा दगड बसणार होता, बिशप येणार होते, आणि दगडावरचा मजकूर खुद्द अट्रॅक्टानं टाइप केलेला होता. शतकाहून अधिक जगलेली आमच्या गावची लेक. साठाव्या वर्षी तिला मुलगा झाला, हेही गावात सगळे कौतुकानं सांगत. बायबलातल्या साराला नव्वदीला झाला, मग आमच्या साबायनाला साठीला का नाही, असं म्हणून विषय संपायचा. शंभर वर्षांत कुणी बोटांवर मोजून पाहिलं नव्हतं.

ती पुन्हा खुर्चीत नीट बसली आणि तिनं बाप्तिस्म्याच्या जुन्या रजिस्टरची फिल्म लावली. साबायना लग्नाआधीची पॅडन, बापाचं नाव ओवेन, एवढं तिला ठाऊक होतं. १८३६ सालचं रजिस्टर मुळात नाहीच, ते १८४१ पासून सुरू होतं. म्हणून आजवर कुणी शोधायला गेलं नव्हतं. अट्रॅक्टा एकेक पान सरकवत गेली. दुपारचा चहा तसाच गार झाला. मार्च १८५३ च्या पानावर ती थांबली. साबायना, ओवेन पॅडनची मुलगी. आईचं नावही जुळत होतं. ओवेन पॅडनला दुसरी साबायना नव्हती, हेही तिनं पुढंमागं पाहून घेतलं.

म्हणजे एकशे पाच नाही. अठ्ठ्याऐंशी.

हे कसं झालं ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती. १९०९ साली सत्तरीच्या पुढच्या माणसांना सरकारनं आठवड्याला पाच शिलिंग पेन्शन सुरू केलं. जन्माचे दाखले त्या पिढीकडे नव्हतेच. तेव्हा अधिकारी घरी येऊन विचारायचा, अठराशे एकोणचाळीसचा तो मोठा वारा आठवतो का, ज्या रात्री छपरं उडाली? आठवला, की सत्तरी मान्य. त्या वर्षी सगळ्या परगण्याला तो वारा आठवायला लागला. साबायनाचा नवरा स्कॉटलंडमध्ये बटाटे काढायला गेला तो परत आलाच नव्हता, छातीत कफ होऊन तिकडेच गेला. घरात तेरा वर्षांचा मायकेल. खरं वय छप्पन्न. तिनंही वारा आठवून दिला असणार. अट्रॅक्टाला तिचा जराही राग आला नाही. उलट, बाई धीराची निघाली, असं वाटलं.

राग आला तो स्वतःचा. कारण आता तिला फिल्म बंद करून टाकावीशी वाटत होती. हे पान दुसऱ्या कुणी शंभर वर्षांत उघडलं नाही, पुढची शंभर वर्षं उघडणारही नाही. पाथरवट एंडाचा फोन याच वेळी यायचा होता.

"अट्रॅक्टा, मजकूर पक्का ना? उद्या आकडे कोरायला घेतो. दगडावर खोडरबर चालत नाही, आधीच सांगतो."

"उद्या दुपारपर्यंत हात लावू नकोस."

"आता काय झालं?"

"काही नाही. तोवर दुसऱ्या कुणाचा तरी दगड कोर जाऊन," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

ओहायोच्या माणसाला तोंडावर खरं सांगायला जिभेला काही झालं नव्हतं. तो परका होता, विमानात बसून निघून गेला. अँथनी गिंटी मात्र रोजच्या रस्त्यातला. साबायनाचा नातू, पंच्याऐंशी वर्षांचा, एकटा राहणारा. आजी वारली तेव्हा तो दहा वर्षांचा होता. कुणी तब्येत विचारली की म्हणायचा, "आमच्या रक्तात शंभरी आहे. माझी अजून वीस वर्षं शिल्लक आहेत." ते तो गमतीनं म्हणतो असं लोकांना वाटायचं. अट्रॅक्टानं त्याला दर शुक्रवारी पेन्शन मोजून दिलं होतं. तो गंमत करत नाही, हे तिला माहीत होतं.

फिल्म बंद करता करता तिचं लक्ष त्याच पानावर दोन ओळी खाली गेलं. तिथं जे नाव होतं ते वाचून तिनं जनगणनेचा कागद पुन्हा उघडला आणि मायकेलच्याही खालची ओळ वाचली. दोन्ही कागदांच्या प्रती काढून तिनं पिशवीत घातल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अँथनीच्या दारात उभी राहिली. घर जुनंच, साबायनाचंच. पुढे रस्ता, मागे विहीर.

"ये पोरी, ये," अँथनी म्हणाला. अट्रॅक्टा त्रेसष्ट वर्षांची होती, पण त्याच्या लेखी पोरच. "भाषण लिहिलंय मी. बिशपसमोर वाचायचंय. ऐकतेस?"

"आधी चहा करा. मग माझं ऐका."

त्यानं चुलीत टर्फची, जळणासाठी वाळवलेल्या दलदलीच्या मातीची, दोन ढेपळं सरकवली, चहा ओतला, पावाला लोणी लावून दिलं. अट्रॅक्टानं पाव खाल्ला नाही. तिनं प्रत त्याच्यासमोर ठेवली आणि बोट ठेवून नाव दाखवलं, मग साल दाखवलं. सगळं एका दमात सांगून टाकलं.

"अठ्ठ्याऐंशी," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"माझ्या आजीला तू खोटारडी म्हणतेस. तिच्याच स्वयंपाकघरात बसून."

"मी काही म्हणत नाही, अँथनी. कागद म्हणतोय. आणि खरं सांगू? मी तिच्या जागी असते तर मीही वारा आठवला असता, पाऊसही आठवला असता."

तो हसला नाही. त्यानं भाषणाचा कागद घडी घालून खिशात ठेवला. "काल संध्याकाळपर्यंत माझी वीस वर्षं होती," तो म्हणाला. "तू एकाच सकाळी सतरा घेऊन गेलीस. पोस्टातसुद्धा तू कधी इतकं कमी दिलं नव्हतंस."

अट्रॅक्टाला फार वाईट वाटलं. उठून जावं, एंडाला फोन करून एकशे पाच कोर म्हणावं, असं मनात येऊन गेलं. पण अँथनी मागच्या खिडकीतून विहिरीकडे बघत होता.

"एक सांगतो. कुणाला कधी सांगितलं नाही," तो म्हणाला. "मी पाच-सहा वर्षांचा असेन. पुढच्या दारानं आजी बाहेर पडली की कंबरेत वाकलेली. काठी टेकत, धापा टाकत. लोक म्हणायचे, शंभरी उलटली, अजून चालते बघा. मागच्या दारानं विहिरीवर जायची तेव्हा ताठ. दोन्ही हातांत दोन भरलेल्या बादल्या, आणि तोंडानं गाणं. मी विचारलं, आजी, तुझी पाठ अशी कशी? म्हणाली, देवानं ती घरापुरती सरळ केलीय, रस्त्यावर बोलू नकोस, नाहीतर काढून घेईल. मी नाही बोललो. मला चमत्कार वाटायचा तो."

"पंचवीस-तीस वर्षं म्हातारीचं सोंग केलं तिनं," अट्रॅक्टा म्हणाली. "छप्पन्नाव्या वर्षापासून."

"छप्पन्न म्हणजे तुझ्याहून लहान."

"माझ्याहून लहान."

चहा संपला. अट्रॅक्टानं दुसरी प्रत पिशवीतून काढली नव्हती. ती काढावी की नाही, हे तिचं ठरत नव्हतं. शेवटी तिनं विचारलं, "फेस्टी कॅफर्की कोण होता हो?"

"फेस्टी? शेजारी. चाळीस पावलांवर घर होतं त्याचं, आता नुसत्या भिंती आहेत. मी जन्मायच्या आधीच गेला, एकोणतीस साली. वडील फार सांगायचे त्याच्याबद्दल. नुसता साधा माणूस. लग्न केलं नाही. रोज संध्याकाळी यायचा, टर्फ आणून टाकायचा, या चुलीपाशी बसायचा आणि जपमाळ झाली की घरी जायचा. दरवर्षी ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासाआधी, लग्नांचे दिवस आले की, आजीला विचारायचा, काय साबायना, या वर्षी करतेस का माझ्याशी? आजी म्हणायची, चौऱ्याहत्तरच्या म्हातारीशी कोण लग्न करतं रे? सगळे हसायचे. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, पंच्याहत्तरच्या म्हातारीशी. गावाची ठरलेली गंमत होती ती. वडील सांगताना अजून हसायचे."

अट्रॅक्टानं पहिलीच प्रत पुन्हा पुढे ओढली आणि साबायनाच्या दोन ओळी खालची नोंद दाखवली.

"फेस्टस, जॉन कॅफर्कीचा मुलगा," अँथनीनं अडखळत वाचलं. "मार्च १८५३."

"एकाच आठवड्यात बाप्तिस्मा झाला दोघांचा. आणि हे बघा." आता तिनं जनगणनेचा कागद ठेवला. "आजी पंच्याहत्तर. खाली मायकेल. आणि त्याच्या खाली फेस्टी, अविवाहित, वय अठ्ठावन्न. तुमच्या घरात. पाहुणा म्हणून लिहिलाय. जनगणनेच्या रात्री जो ज्या घरात झोपला, त्याचं नाव त्याच घराच्या कागदावर. कागद मायकेलनं भरलाय. पोरगं होतं, घरात जे दिसलं ते लिहिलं. चाळीस पावलांवर स्वतःचं घर असलेला माणूस त्या रात्री पाहुणा होता."

अँथनीनं दोन्ही कागद जवळजवळ ठेवले.

"म्हणजे तो गंमत करत नव्हता."

"नाही."

"मग केलं का नाही तिनं? हो म्हणायचं होतं."

"लग्न म्हटलं की पाद्री बाप्तिस्म्याची नोंद काढणार. हेच पान. पेन्शन गेलं असतं, वर खटला. मायकेल होता पदरात. एकदा म्हातारी झाली म्हटल्यावर तिला पुन्हा तरुण होता येत नव्हतं."

"फेस्टीला ठाऊक होतं?"

"एका वर्गातली पोरं, अँथनी. त्याला ठाऊक नसेल तर कुणाला?"

अँथनीनं डोळे पुसले, आणि ते लपवलंही नाही.

"वडिलांनी आणखी एक सांगितलं होतं," तो म्हणाला. "फेस्टीला नेलं त्या दिवशीचं. सगळं गाव शवपेटीमागे चालत गेलं. दफनभूमी इथून सव्वा मैल. आजी फाटकापर्यंत गेली, काठी टेकत, आणि तिथंच थांबली. ब्याण्णव-त्र्याण्णवची बाई सव्वा मैल चालते कशी, असं म्हटलं असतं लोकांनी. कुणीतरी गाडीत बसा म्हणालं, तर म्हणाली, शेजारी तर होता, त्यासाठी गाडी कशाला. अंत्ययात्रा वळणाआड गेली तशी आत आली आणि एवढे बटाटे सोलून ठेवले की तीन दिवस पुरले. वडिलांना वाटलं, म्हातारपणी माणसाचं मन दगड होतं."

तो उठला. भिंतीवरच्या फोनपाशी गेला आणि त्यानं एंडाचा नंबर अट्रॅक्टाला विचारून फिरवला.

"एंडा? अँथनी गिंटी. लिहून घे. साबायना पॅडन गिंटी, १८५३ ते १९४१. हो, त्रेपन्नच. ऐकू येतंय मला नीट, तुझ्याच कानात दगडाची धूळ गेलीय. खालचं शतकाचं सगळं काढून टाक. काही नको." त्यानं ऐकलं. "बिशपना यायचं तर येतील. अठ्ठ्याऐंशी वर्षं जगणं काही सोपं नसतं, म्हणावं."

फोन ठेवल्यावर अट्रॅक्टानं हळूच विचारलं, "फेस्टीचं नाव घालायचं?"

"नको. ती स्वतः बोलली नाही. दगडावर आपण कशाला बोलायचं?" त्यानं खुंटीवरचा कोट काढला. "त्याची कबर तुला माहितीये?"

"नोंदीत आहे. वरच्या भिंतीला लागून. दगड नाही. गाडी काढते, थांबा."

"गाडी नको."

"अहो, सव्वा मैल आहे. तुमचं हृदय, तुमचा गुडघा..."

"माझा गुडघा मला ठाऊक आहे. तू येतेस की नाही?"

पुढच्या दारानं बाहेर पडून दोघं फाटकातून रस्त्याला लागली. अँथनी अगदी हळू चालत होता. शंभर पावलं झाली की थांबायचा, कुंपणाला हात लावायचा, पुन्हा निघायचा. अट्रॅक्टानं एकदा त्याचा कोपर धरायचा प्रयत्न केला, त्यानं तो सोडवून घेतला. मग ती नुसती शेजारून चालत राहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला काही बोलावंसं वाटलं नाही.

अर्ध्या वाटेवर पोस्टमनची गाडी मागून आली आणि शेजारी थांबली. काचेतून डोकं बाहेर काढून तो म्हणाला, "अँथनी, वेड लागलं का? बसा आत. कुठं सोडू?"

"सोडू नकोस कुठं. अंत्ययात्रेला चाललोय."

पोस्टमननं पुढं पाहिलं, मागं पाहिलं. रस्ता रिकामा होता. "कुणाच्या?"

"फेस्टी कॅफर्कीच्या."

"मी नाही ओळखत."

"नसशील. आमच्या घरचं माणूस होतं," अँथनी म्हणाला. "आम्हांला यायला जरा उशीर झालाय."

पोस्टमननं अट्रॅक्टाकडे पाहिलं. तिनं फक्त मान हलवली. त्यानं गाडीचं इंजिन बंद केलं, डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि ती दोघं वळणाआड जाईपर्यंत तो तसाच थांबून राहिला.