शेजारच्या सीटचा ब्रेक

माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली काढायचं बारक्यानं मनावर घेतलं, तेव्हा त्याच्या बायकोनं कपाळाला हात लावला.

"पंखा पुसा म्हणून महिनाभर घसा कोरडा करतेय, तो नाही दिसत. हे धूड बरं दिसलं!"

बोलली, पण शिडीही तिनंच धरली. धूळ दोघांच्या अंगावर सारखीच पडली.

बारक्या नावालाच बारक्या. आता पन्नाशीला टेकलेला, डोक्यावरचे केस मोजून घ्यावेत असा गृहस्थ. ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा आणि निम्म्या शहराला त्यानं स्टिअरिंग धरायला शिकवलं होतं. पण लहानपणी ताईनं एकदा बारक्या म्हटलं, ते कायमचं चिकटलं.

त्याची ही ताई सध्या त्याच्याच घरात, मागच्या खोलीत होती. काही महिन्यांपूर्वी तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, हात मात्र रुसून बसला. पडदे शिवायच्या कारखान्यात जन्मभर कापड कापलेली बाई ती. तिची कात्री कापडातून चालायला लागली की इतर बायका आपलं काम थांबवून बघत बसायच्या. डॉक्टर म्हणाले होते, "आत्ता वापराल तर हात परत येईल. हेच थोडे महिने हातात आहेत, मग आहे तसाच राहील." व्यायामाला रबरी चेंडू दिला होता. ताईनं तो कपाटात मोज्यांच्या खणात टाकला.

"गेला तो हात. त्याचे लाड पुरेत," एवढं बोलून ती भिंतीकडे तोंड करून पडायची. बारक्यानं समजावलं, बायकोनं लाडीगोडी लावली, रागावूनही झालं. ताई ढिम्म.

मग एका सकाळी त्याला तो खेळ आठवला.

दोन गाड्यांची शर्यत. कीबोर्ड एकच. उजवीकडच्या बाणांवर ताईचा हात, डावीकडच्या अक्षरांवर बारक्याचा. दोघं एका स्टुलावर अर्धे अर्धे बसायचे. तेव्हा बारक्या म्हणजे घाबरट पोर. सायकलला हात लावायचा नाही, वर्गात त्याला सगळे गोगलगाय म्हणायचे. पण या खेळात त्यानं ताईला हरवलं. एकदा नव्हे, कितीदा तरी! तिथून त्याची भीड चेपली. स्टिअरिंग हातात घेतल्यावर ज्या शिकाऊचे पाय लटपटायचे, त्याला तो हीच गोष्ट ऐकवायचा. "मी गोगलगाय होतो, साहेब. ताईला हरवलं आणि माणसात आलो."

ताईला दुसरं काही नाही, तरी तो खेळ खुणावेल, अशी त्याची आशा होती. बाण दाबायला उजवा हात लागतो. चेंडूसाठी नाही तर शर्यतीसाठी तरी तो हलेल.

खेळाची जुनी फ्लॉपी सापडली, पण कॉम्प्युटरच्या डिस्कनं माळ्यावरच मान टाकली होती. बारक्यानं जुन्या बाजारातून दुसरी आणली. म्हणजे आता सगळी सिस्टिम नव्यानं टाकणं आलं. सीडी घातली, पडद्यावर निळी पट्टी उमटली आणि तिथेच बसली. बारक्या एका बाईंना गाडी मागे घ्यायला शिकवून आला, पट्टी होती तिथेच. जेवला, पट्टी नखभर सरकली. संध्याकाळपर्यंत ती पाव पल्ल्यालाही पोचली नाही.

"बंद पडलंय," बायको म्हणाली.

"बंद नाही. चाललंय. पण जिवावर आल्यासारखं चाललंय."

मग सुरू झाला शोध. सीडीवर ओरखडे असतील म्हणून ती धुतली, मऊ फडक्यानं पुसली. मग सीडीचा ड्राइव्हच बदलला. आतल्या रुंद पट्ट्यासारख्या केबली काढून पुन्हा घट्ट बसवल्या. मेमरीच्या पट्ट्या काढून त्यांची सोनेरी टोकं मुलीच्या कंपासमधल्या खोडरबरानं घासली. दर खेपेला पहिल्यापासून सुरुवात, आणि दर खेपेला पट्टीचं तेच. कॉम्प्युटर चुका करत नव्हता, अडतही नव्हता. फक्त मुंगीच्या पावलानं चालला होता. बारक्याच्या नाकीनऊ आले. बायकोला तो म्हणाला, "इंजिन चांगलंय. पण गाडी कुणीतरी ब्रेकवर पाय ठेवून चालवतंय असं वाटतं."

"हा पहिल्यापासून असाच होता," दारातून ताई म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली ते कुणाला कळलं नव्हतं. "बाबा म्हणायचे, दळण दळतोय." आणि घाईनं आत निघून गेली.

पण ते पहिल्यापासून नव्हतं. बारक्याला चांगलं आठवत होतं, ताई शिकायला हॉस्टेलवर गेली त्या सुमारास तो संथ झाला. बाबांनी ज्याच्याकडून तो जोडून घेतला होता, त्या काकांना उगीच शिव्या घातल्या होत्या.

शेवटी बारक्यानं त्या काकांचाच नंबर शोधला. आता दुकान त्यांचा मुलगा बघायचा. काका घरी असायचे, पण जोडलेलं एकेक यंत्र त्यांच्या ध्यानात होतं. बारक्यानं केलेले सगळे उद्योग त्यांनी ऐकून घेतले.

"पुढच्या बाजूला दिवे किती?"

"तीन. मधला गेलाय. लहानपणापासूनच गेलेला आहे."

"गेलेला नाही रे. तो टर्बोचा दिवा. वेग चढवलेला असला की लागतो. त्याच्या शेजारी बटण आहे बघ."

"बटण नाही. तिथे सूर्यफुलाचं स्टिकर आहे."

काका हसले. "मी काय फुलं चिकटवून देत होतो? काढ ते."

स्टिकर फिकटलेलं, कडा कडक झालेल्या. बारक्यानं नखानं सोललं. खाली चौकोनी बटण होतं, आत दाबलेलं. त्यानं ते दाबून सोडलं. टक्. इतकी वर्षं विझलेला मधला दिवा हिरवा झाला.

"त्या काळचे खेळ यंत्राच्या वेगानं पळायचे," काका सांगत होते. "यंत्र दमदार असलं की गाड्या बेफाम सुटायच्या. म्हणून हे बटण. खेळापुरता वेग उतरवायचा, खेळ झाला की चढवायचा. तुम्ही इतकी वर्षं चढवलाच नाही की काय? आणि तुझे बाबा मला बोल लावत राहिले!"

बारक्यानं बाबांच्या वतीनं माफी मागितली आणि फोन ठेवला. पट्टी आता डोळ्यांदेखत सरकत होती. त्याचं लक्ष मात्र तिच्याकडे नव्हतं. त्याला ताईचं एक वाक्य आठवलं होतं.

"बारक्या, जा, पाणी घेऊन ये."

दर शर्यतीआधी. न चुकता. तो कुरकुरत स्वयंपाकघरात जायचा, पेला भरून आणायचा. ताई दोन घोट पिऊन पेला बाजूला ठेवायची आणि खेळ सुरू व्हायचा. एवढी तहान हिला लागते कशी, असं त्याला तेव्हा वाटायचं.

आधी त्याला राग आला. चांगलाच आला. ज्या गोष्टीच्या जोरावर तो माणसात आला, जी शेकडो लोकांना ऐकवली, ती एका बटणावर उभी होती! हॉस्टेलवर जाताना ताईनं वेग उतरवून वर फूल चिकटवलं, म्हणजे ती नसतानाही गाडी त्याच्या हाताबाहेर जाऊ नये. घरात कुणाला पत्ता नाही.

मग स्वतःचाच उजवा पाय त्याच्या डोळ्यांसमोर आला. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मास्तरच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. शिकाऊ माणूस गाडी चालवत असतो, खरोखर चालवत असतो. शेजारचा पाय तेवढा सावध असतो. कितीजणांनी पहिल्या दिवशी घरी जाऊन "आज मी गाडी चालवली" म्हणून सांगितलं असेल, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. ताई कधी मुद्दाम हरली नव्हती. तिनं फक्त रस्ता हळू केला होता. बारक्याचा राग बसला आणि डोळे भरून आले. बायकोनं विचारलं, तर म्हणाला धूळ गेली.

रविवारी दुपारी त्यानं स्टूल मांडलं आणि ताईला जवळजवळ ओढतच आणलं. वेग पूर्ण ठेवला होता. तिला फसवायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं.

तो जुना पडदा, त्या दोन चौकोनी गाड्या बघून ताईच्या तोंडून "अगं बाई!" निघालं. ती स्टुलावर अर्धी बसली. उजवा हात डाव्या हातानं उचलून बाणांवर ठेवला. शर्यत सुटली आणि पहिल्याच वळणाला तिची गाडी खड्ड्यात. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही. गाड्या बेफाम सुटत होत्या आणि तिचं बोट प्रत्येक वेळी उशिरा पोचत होतं.

"झालं समाधान?" ती उठली. "पुन्हा बोलवू नकोस मला."

आता ती त्या खोलीत गेली की पुन्हा भिंतीकडे तोंड करणार, हे बारक्याला दिसत होतं. फसवायचं नाही वगैरे सगळं तो विसरला.

"ताई, पाणी आणतेस?"

"मी?"

"तहान लागलीय."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग पाय ओढत स्वयंपाकघराकडे गेली. टक्. मधला दिवा विझला.

ताई परत आली ती पेला उजव्या हातात धरून. खालून डाव्या हाताचा आधार, आणि कोपरापर्यंत पाणी ओघळलेलं. पेला ठेवताना तिची नजर यंत्राच्या पुढच्या बाजूवर गेली. सूर्यफुलाच्या जागी पांढरा चौकोन उरला होता.

"कुणी काढलं ते?"

"मीच. काकांनी सांगितलं."

ताई स्टुलावर बसली, आणि या वेळी उजवा हात तिनं डाव्यानं न उचलता, खांद्यातून सरकवत नेला.

गाड्या डुलत डुलत निघाल्या. पहिल्या वळणाला बोट वेळेवर पोचलं. दुसऱ्या वळणाला गाडी घसरली, सावरली. बारक्या जीव तोडून खेळत होता. हरायचं सोंग तिच्यापुढे चाललं नसतं. पहिली शर्यत त्यानं जिंकली, दुसरीही. तिसरीत ताईची गाडी नाकभर पुढे गेली.

तिनं टाळी वाजवली नाही. आपल्या हाताकडे बघत राहिली.

"मी तुला कधी मुद्दाम जिंकू दिलं नाही हं, बारक्या."

"माहितीये."

"घाबरायचास फार. तेवढंच."

"माहितीये, ताई."

पाठ ताठ करून ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "जा, पाणी घेऊन ये."

"हे काय, पेला आहे की."

"त्यातलं सांडलंय. दुसरं आण."

बारक्या उठला. लहानपणी कुरकुरत जायचा, तसा आज गेला नाही. स्वयंपाकघरात त्यानं नळ सोडला आणि कान बाहेर ठेवले. टक्. तिनं वेग चढवला होता. या वेगात ती पुन्हा खड्ड्यात जाणार, हे तिला त्याच्याइतकंच ठाऊक होतं. हरायला तयार असलेली ताई, तिला घरी आणल्यापासून, त्याला आज पहिल्यांदाच भेटत होती.

"अहो, भरला पेला. नळ बंद करा," बायको म्हणाली.

त्यानं नळ बंद केला, पण तिथेच उभा राहिला. बाहेर ताई उजव्या हातानं एकेक बाण दाबून बघत होती.

"जा की आता," बायको म्हणाली.

"थांब जरा," बारक्या म्हणाला. "तिचं होऊ दे."