एनिडसाठी थांबलेली बस

नेस्टाचा उजवा डोळा केव्हाच गेला होता. उरला डावा, आणि त्यातही आता मधोमध काळा डाग पडायला लागलेला. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन, तेही खाली शहरातल्या दवाखान्यात. मागच्या वेळी बस उशिरा पोचली, तर काउंटरवरच्या बाईनं तिला सरळ माघारी धाडलं. "आता पुन्हा चुकलं तर हाही डोळा जाईल," असं डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं.

आणि आज ही बस चर्चच्या कोपऱ्यावर घुरघुरत उभी! कशासाठी? तर एनिडसाठी. वेल्समधल्या या दरीतली रीतच तशी. मंगळवारची सकाळची बस नेहमीच्या माणसाला टाकून जात नाही. एमरिस ड्रायव्हरचा बाप बस चालवायचा तेव्हापासून नाही. त्यात सगळे इतके सभ्य, की कुणी उघडपणे घड्याळाकडेसुद्धा बघेना. मेले खिडकीबाहेरच्या मेंढ्या बघत बसले.

नेस्टाचा जीव खालीवर होत होता. एनिडला काय, बाजारात जाऊन चहा ढोसायचा, केक हाणायचा आणि अख्ख्या गावाची उणीदुणी काढायची. तेवढ्यासाठी मी माझा डोळा घालवू?

"एमरिस, निघ बाबा आता."

"येईलच की ती, मावशी. घरात दिवा दिसतोय."

"तुला दिसतोय. मला उद्या दिसायचा नाही. निघ म्हणते ना!"

एमरिसनं मान खाली घालून गिअर टाकला. वळणावर नेस्टानं मागे पाहिलं. डागाच्या कडेला कुणीतरी वॉकर ढकलत, एक हात वर करून येताना दिसलं. नेस्टानं तोंड फिरवलं.

दवाखान्यात ती वेळेत पोचली. इंजेक्शन झालं. बाहेर बाकावर येऊन बसली तेव्हा डोळ्यातून पाणी गळत होतं आणि समोरचं सगळं धूसर. सुटले बाई एकदाची, असं मनात येतंय तोच समोरच्या हृदयरोगाच्या खोलीतून नर्सनं हाक मारली.

"एनिड प्रॉसर?"

कुणी उठलं नाही.

"एनिड प्रॉसर आहेत का?"

अगं बये, बोलली का नाहीस? पण बोलणार कशी? नेस्टानं तरी आपल्या डोळ्याचं गावात कुणाला सांगितलं होतं? आपलं दुखणं चारचौघांत काढायचं नाही, हीसुद्धा दरीतलीच रीत.

ती भिंतीला धरून उठली. "ती येतेय. जरा थांबा ना तिच्यासाठी."

"कुठवर आल्यात?"

"गावातच आहे अजून. बस... बस चुकली तिची. पुढची दुपारी आहे."

"मग कसं थांबणार हो, आजी?" नर्स हळू आवाजात म्हणाली. "बाकीची माणसं कधीची ताटकळलीत."

आणि तिनं पुढचं नाव पुकारलं.