अंगठ्याखालचं शून्य

बुरुलायच्या वडिलांना जाऊन मंगळवारी चाळीस दिवस झाले आणि गुरुवारी तपासनीस शार्शेनबाय सातवीच्या वर्गात येऊन बसले. नारीन नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या या शाळेत तिचे वडील, तोक्तोसुन आगाय म्हणजे मास्तर, एकतीस वर्षं गणित शिकवत होते. त्यांचा वर्ग मुलीकडे ठेवायचा की शहरातून कोणी आणायचं, हे आज ठरणार होतं.

बुरुलायने फळ्यावर लिहिलं : 3x + 4y = 12. "ही रेषा अक्षांना कुठे छेदते?"

पहिल्या बाकावरची अनिपा उठून फळ्याशी आली. अंगठ्याने 4y झाकून म्हणाली, "3x बरोबर 12. x चार." मग 3x झाकलं. "y तीन." दोन बिंदू मांडून तिने रेषा ओढलीसुद्धा.

"तक्ता कुठाय?" शार्शेनबायनी विचारलं. "x च्या पाच किमती, पाच बिंदू, मग रेषा."

"तक्ता नाही, साहेब," बुरुलाय म्हणाली. "x-अक्षावर y शून्यच असतो. अंगठा म्हणजे ते शून्य."

"बापाचं खूळ! त्यालाही सांगून दमलो मी."

"माहीत आहे. घरी तुमची नक्कल करायचे. एका रेषेला पाच बिंदू, खडू काय याच्या सासऱ्याचा आहे, म्हणायचे."

मागच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसलं. शार्शेनबाय उठले आणि त्यांनी स्वतः लिहिलं : 2x − 3y = 0. "आता झाक, पोरी."

वडिलांनी वर्गाला इथपर्यंत शिकवलं होतं की त्याआधीच अंथरूण धरलं, हे बुरुलायला ठाऊक नव्हतं.

अनिपाने एक पद झाकलं. शून्य. दुसरं झाकलं. शून्य.

"एकाच बिंदूतून कोणती रेषा ओढणार?" शार्शेनबायनी विचारलं.

"नाही ओढता येणार," अनिपा म्हणाली. "ही दोन्ही अक्षांना एकाच ठिकाणी छेदते, मधोमध. दुसरा बिंदू आपणच घ्यायचा. x तीन, तर y दोन."

"हे कोणी सांगितलं?"

"आगायनी. म्हणाले, झाकून भागत नसेल तर मुकाट्याने हात काढायचा आणि आकडा घालायचा."

हे वाक्य बुरुलायने कधी ऐकलं नव्हतं.

शार्शेनबायनी नेमणुकीचा अर्ज काढून बुरुलायपुढे धरला. "उत्तरं बरोबर. पद्धत अमान्य. उद्यापासून तक्ता शिकवीन असं लिहून दे, वर्ग तुझा."

"नाही देणार."

"मग मला वर तसं कळवावं लागेल."

"कळवा. उत्तरं बरोबर आली, तेही कळवा. आणि नाव लिहा : बुरुलाय, तोक्तोसुनची मुलगी."

"शाळेच्या यादीत तुझं आडनाव आजोबांच्या नावावरून लावलंय."

"शिकवलं वडिलांनी."

त्यांनी अहवाल लिहिला. तिने कागद ओळीओळीने वाचला, राहून गेलेलं 'उत्तरे बरोबर' त्यांच्याकडून घालून घेतलं आणि सही केली.

"वर्ग जाईल, पोरी."

"तास संपायला वीस मिनिटं आहेत," ती म्हणाली आणि फळ्यावर लिहू लागली : 5x − 2y = 10.